जबड्याच्या हाडातले दुर्मिळ कर्करोग : प्रस्तावना

हे पुस्तक हाती घेणाऱ्या दंतवैद्यांपैकी बहुतेकांना उभ्या आयुष्यात या आजाराचा एखाददुसरा रुग्ण भेटेल. काहींना एकही भेटणार नाही. तरीही हे पुस्तक आधी त्यांच्यासाठी आहे, मोठ्या रुग्णालयातल्या तज्ज्ञांसाठी नंतर. जबड्याच्या हाडात मूळ धरणारा कर्करोग पहिल्यांदा कर्करोगतज्ज्ञाकडे जात नाही. तो वाईच्या, फलटणच्या, विट्याच्या नाहीतर तासगावच्या बाजारपेठेतल्या दातांच्या दवाखान्यात येतो आणि ‘डॉक्टर, दाढ हलायला लागलीय, काढून टाका’ एवढेच सांगतो. त्या वेळी तोंडात काय पाहिले, काय विचारले आणि दाढेबरोबर निघालेले मांस कुठे पाठवले, यावर त्या माणसाचे पुढचे पुष्कळसे ठरते.

आधी विषयाची हद्द सांगतो. सातारा-सांगलीकडे ‘तोंडाचा कॅन्सर’ म्हटले की डोळ्यांपुढे येतो तो गालाच्या, जिभेच्या किंवा हिरडीच्या अस्तराचा कर्करोग. तंबाखू, गुटखा, सुपारी, मिश्री ही त्याची कारणे घरोघर ठाऊक आहेत, आणि ठाऊक असूनही सुटत नाहीत. त्या आजाराच्या अभ्यासात महाराष्ट्राचा वाटा फार मोठा आहे. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले, आणि तिथले विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी १९४४ मध्येच मुंबईतल्या मुखकर्करोगाच्या सलग एक हजार रुग्णांचा आढावा प्रसिद्ध केला. सुपारीमुळे गाल आणि टाळू आवळत जाऊन तोंड उघडेनासे होते, त्या विकाराचे वर्णन मुंबईच्या डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ मध्ये केले. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या दंतसंशोधन विभागातले डॉ. फली मेहता आणि त्यांच्याबरोबर काम करणारे डेन्मार्कचे प्राध्यापक येन्स पिंडबोर्ग यांच्या गटाने महाराष्ट्रातल्या १,०१,७६१ खेडुतांची तोंडे तपासली. तो अभ्यास १९७२ साली छापून आला. गावोगाव जाऊन, एकेका माणसाला तोंड उघडायला लावून केलेले हे काम आजही वाचताना आदर वाटतो.

पण तो आजार अस्तराचा. बॅटरीच्या उजेडात दिसतो, बोटाला लागतो. आपला विषय हाडाच्या आत आहे, वरचे अस्तर कित्येकदा शेवटपर्यंत शाबूत असते. अस्तराचा कर्करोगही वाढत वाढत हाडात शिरतो, आणि आकड्यांनी पाहिले तर जबड्याचे हाड खाणारा कर्करोग बहुतेक वेळा तोच असतो. म्हणून जबड्यातली संशयास्पद गाठ समोर आली की पहिला प्रश्न हा: ही बाहेरून आत गेली की आतच सुरू झाली? या पुस्तकात आतच सुरू झालेल्या, आणि शरीराच्या दुसऱ्या भागातून रक्तावाटे येऊन तिथे रुजलेल्या गाठींचा विचार केला आहे.

आत का सुरू होते, हे समजायला दात कसा तयार होतो ते आठवावे लागते. गर्भावस्थेच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास तोंडाच्या अस्तराची एक पट्टी खाली उतरते, तिच्यापासून दंतांकुर तयार होतात, दंतवल्क घडवणाऱ्या पेशी आपले काम करतात आणि काम संपल्यावर नाहीशा होतात. सगळ्याच मात्र होत नाहीत. इमारत पुरी झाल्यावर परांची उतरवतात, पण भिंतीत बांबूंची काही भोके आणि खुंट्या राहून जातात, तशी या पेशींची बारीक बेटे हिरडीत आणि दातांच्या मुळांभोवती उरतात. हिरडीतली बेटे सेरेस या फ्रेंच शरीररचनाशास्त्रज्ञाच्या, तर मुळांभोवतालची मलासे या दुसऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाच्या नावाने ओळखली जातात. बहुतेकांच्या तोंडात ती आयुष्यभर निपचित पडून असतात. काहींमध्ये त्यांच्यापासून पाण्याची पुटी होते, काहींमध्ये अमेलोब्लास्टोमा होतो. अमेलोब्लास्टोमाची गणना सौम्य गाठींत होते, पण तो हाड पोखरत जातो आणि नुसता खरवडून काढला तर बहुधा परत येतो. फार थोड्या रुग्णांत त्याच पेशी उघडउघड घातक रूप घेतात, तो अमेलोब्लास्टिक कार्सिनोमा. जगभरच्या वैद्यकीय वाङ्मयात त्याच्या नोंदलेल्या रुग्णांची संख्या काहीशेंच्या घरात आहे. क्लिअर सेल कार्सिनोमा, घोस्ट सेल कार्सिनोमा आणि कधी जुन्या पुटीच्या भिंतीतूनच उठणारा प्राथमिक अंतरस्थि-कर्करोग ही याच घराण्यातली आणखी नावे.

दुसरे घराणे खुद्द हाडाचे. एकूण ऑस्टिओसार्कोमांपैकी साधारण ६ ते १० टक्के जबड्यात होतात. गुडघ्याजवळचा ऑस्टिओसार्कोमा पौगंडावस्थेतल्या मुलांना गाठतो. जबड्यातला बहुधा तिशी-चाळिशीच्या माणसाला, आणि त्याची फुप्फुसांत पसरण्याची प्रवृत्ती त्या मानाने कमी असते. रुग्ण दगावतो तो बहुधा गाठ जागच्या जागी पुन्हा वाढल्यामुळे. या एका फरकावर उपचाराचा सगळा रोख बदलतो. तिसरे घराणे रक्तपेशींचे: लिम्फोमा आणि प्लाझ्मा पेशींचे आजार. १९५८ मध्ये युगांडात काम करणाऱ्या डेनिस बर्किट या शल्यचिकित्सकाने लहान मुलांच्या जबड्यांतल्या झपाट्याने वाढणाऱ्या गाठींचे वर्णन केले आणि त्यातून लिम्फोमाच्या अभ्यासाला नवी दिशा मिळाली. जबडा पाहताना एका माणसाला केवढे मोठे दार उघडता आले याचे ते उदाहरण आहे. आणि शेवटी बाहेरून आलेल्या गाठी: स्त्रियांत बहुतेकदा स्तनाच्या, पुरुषांत फुप्फुसाच्या कर्करोगाच्या. खालच्या जबड्याचा दाढांमागचा भाग त्यांना विशेष मानवतो. कधी कधी मूळ कर्करोगाचा पत्ताच नसतो आणि जबड्यातली गाठ हीच त्याची पहिली खूण ठरते.

या गाठींची वर्गवारी लावण्याचा प्रयत्न पोल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातच केला होता. जागतिक आरोग्य संघटनेची पहिली वर्गवारी १९७१ मध्ये निघाली. तिच्या दोन कर्त्यांपैकी एक पिंडबोर्ग, म्हणजे महाराष्ट्रातल्या खेडुतांच्या तोंडाचा अभ्यास करणाऱ्या गटातलेच. नंतर १९९२, २००५, २०१७ आणि २०२२ मध्ये ही वर्गवारी सुधारली गेली, आणि दर वेळी काही गाठींनी घर बदलले. क्लिअर सेल गाठ १९९२ पर्यंत सौम्यांच्या रांगेत होती. परत येणे आणि पसरणे पाहून २००५ मध्ये ती कर्करोगांत गेली. उलट, फुप्फुसात पसरलेला पण सूक्ष्मदर्शकाखाली अगदी निरुपद्रवी दिसणारा अमेलोब्लास्टोमा २००५ मध्ये घातकांत होता, तो २०१७ मध्ये पुन्हा सौम्यांत आणला. विद्यार्थी यावर वैतागतात. मला मात्र या बदलांमध्येच या शास्त्राचा प्रामाणिकपणा दिसतो. आजार इतका विरळ की एका शहराला, एका देशालाही पुरेसा अनुभव मिळत नाही. कुठेतरी जपून ठेवलेल्या दहा-वीस काचा आणि त्या रुग्णांचे पुढे काय झाले याच्या नोंदी एकत्र आल्या तेव्हाच हे बदल शक्य झाले. या क्षेत्रातले ज्ञान एकेका नीट सांभाळलेल्या रुग्णावर उभे आहे. वाईतल्या दंतवैद्यालाही या क्षेत्राचा सभासद मानायचे कारण तेच.

आता दवाखान्यातल्या खुर्चीकडे येऊ. पुस्तकातला सर्वांत लांब भाग तिथेच खर्ची घातला आहे, आणि तो मुद्दाम. काही खुणा अशा आहेत की त्या दिसल्यावर थांबलेच पाहिजे. हिरडी निरोगी, कीड नाही, मार लागलेला नाही आणि तरीही एक-दोन दात हलू लागले आहेत. दात काढून महिना झाला, तरी खड्डा भरत नाही. उलट त्यातून मांस वर येते आहे. सूज प्रतिजैविकांनी उतरत नाही, दोन कोर्स झाले तरी नाही. वरच्या जबड्यात असेल तर एकाच बाजूची नाकपुडी बंद, तिथूनच अधूनमधून रक्त, डोळ्यातून पाणी, किंवा वर्षानुवर्षे नीट बसणारी कवळी अचानक बसेनाशी होणे.

आणि सगळ्यांत महत्त्वाची खूण: ओठ बधिर होणे. खालच्या जबड्याच्या आतून एक मज्जातंतू जातो आणि हनुवटीजवळच्या छिद्रातून बाहेर येऊन खालच्या ओठाला व हनुवटीला संवेदना देतो. पुटी वाढते तेव्हा ती या तंतूला बाजूला ढकलते, त्यामुळे गाठ केवढीही झाली तरी ओठ बहुधा जागा राहतो. कर्करोग त्या तंतूतच शिरतो. इंजेक्शन, अक्कलदाढ, हाडाचा मोड किंवा तीव्र जंतुसंसर्ग असे साधे कारण नसताना कोणी ‘ओठावर मुंग्या येतात’, ‘चहा ओठावरून सांडला तरी कळत नाही’ असे म्हणाले, तर दुसरे काही सिद्ध होईपर्यंत तो कर्करोग आहे असे धरून चालावे. रुग्ण हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी दुखणे महत्त्वाचे, बधिरपणा नाही. विचारावे लागते. कापसाच्या टोकाने दोन्ही बाजूंचा ओठ तपासायला फारसा वेळ लागत नाही.

त्यानंतर चित्र. एका दाताचा छोटा एक्स-रे अशा वेळी पुरत नाही. पूर्ण जबड्याचा ओपीजी काढावा. ती सोय आता तालुक्याच्या गावीही मिळते. सौम्य गाठीची कड पेन्सिलीने आखल्यासारखी असते, घातक गाठीची पुसट, कुरतडलेली. हाडाच्या खालच्या कडेची पांढरी रेघ मध्येच नाहीशी होते. आजूबाजूचे हाड गेल्याने दात आधाराविना लोंबकळतात. ऑस्टिओसार्कोमात एक फार लवकर येणारे चिन्ह असते: एक-दोन दातांभोवतालची काळी रेघ सगळ्या बाजूंनी सारखी रुंदावते. गॅरिंग्टन आणि सहकाऱ्यांनी १९६७ मध्ये त्याकडे लक्ष वेधले. सूज दिसायच्या आधी, बाकी एक्स-रे जवळजवळ नेहमीसारखा असताना ते दिसू शकते, म्हणून शोधणाऱ्यालाच सापडते. पुढची पायरी सीटी आणि एमआरआयची. सीटी हाडाची हद्द सांगतो, एमआरआय मज्जा, स्नायू आणि मज्जातंतू यांची. ही चित्रे बायोप्सीआधी काढलेली बरी. नंतर सूज आणि रक्तस्राव यांनी चित्र गढूळ होते.

माझे स्वतःचे काम मौखिक विकृतिशास्त्राचे, त्यामुळे बायोप्सीबद्दल जरा विस्ताराने लिहितो. तुकडा कुठून घेतला यावर निदान अवलंबून असते. वरवरचे कुजलेले, जंतुसंसर्ग झालेले मांस पाठवले तर अहवाल ‘दाह’ असा येतो, रुग्ण निश्चिंत होतो आणि दोन महिने हातचे जातात. अमेलोब्लास्टोमाच्या मोठ्या गाठीत घातक भाग एखाद्याच कोपऱ्यात असू शकतो, म्हणून ठिकठिकाणचे, पुरेशा खोलीवरचे तुकडे हवेत. तुकडा १० टक्के फॉर्मॅलिनमध्ये, त्याच्या आकारमानाच्या निदान दहापट द्रवात ठेवावा. सलाइनच्या बाटलीत किंवा ओल्या गॉजमध्ये गुंडाळून आलेला तुकडा वाटेतच खराब होतो. हाडाचा भाग आम्लात किंवा इतर द्रावणात मऊ करावा लागतो, त्याला काही दिवस लागतात. रुग्णाला हे आधीच सांगून ठेवावे, म्हणजे त्याचा धीर सुटत नाही. मऊ भाग आधी वेगळा करून घेणे प्रयोगशाळेचे काम, कारण फार वेळ आम्लात राहिलेल्या पेशींवर पुढच्या खास चाचण्या नीट होत नाहीत.

आणि तुकड्याबरोबर एक्स-रे पाठवा, ही कळकळीची विनंती. हाडाच्या गाठीचा अहवाल चित्र न पाहता देऊ नये असे माझे ठाम मत आहे. मोडलेले हाड सांधताना तयार होणारे नवे हाड सूक्ष्मदर्शकाखाली सार्कोमासारखे भासते. जबड्यातल्या ऑस्टिओसार्कोमात पुष्कळदा कूर्चाच जास्त दिसते आणि छोट्या तुकड्यावरून ती साधी कूर्चेची गाठ वाटू शकते. महाकाय पेशींची गाठ दिसली तर तिच्यामागे पॅराथायरॉइड ग्रंथीचा विकार असू शकतो. तिथे रक्तातले कॅल्शियम आणि पॅराथायरॉइड संप्रेरक तपासले, तर खरा आजार गळ्यात असल्याचे कळते आणि जबडा कापावा लागत नाही. शंका असेल तर काचा आणि मेणाचे ठोकळे दुसऱ्या प्रयोगशाळेला दाखवायला हवेत. त्यात पहिल्या डॉक्टरचा कमीपणा नाही. इतक्या विरळ आजारात दुसरे मत हा निदानाचाच भाग आहे.

निदानाआधी शस्त्र उचलू नये, याचे कारण उपचार एकमेकांपासून फार वेगळे आहेत. लिम्फोमात जबडा कापायचा नसतो, औषधे द्यायची असतात. युइंग सार्कोमात औषधे आधी, शस्त्रक्रिया किंवा किरणोपचार नंतर. जबड्याच्या ऑस्टिओसार्कोमात आणि दंतपेशींच्या कर्करोगांत मात्र खरा भरवसा शस्त्रक्रियेचा, आणि तोही पहिल्याच शस्त्रक्रियेचा: गाठीभोवतीच्या निरोगी हाडासकट आणि मांसासकट ती एका तुकड्यात बाहेर यायला हवी. पुटी समजून आधी कोणी खरवडली असेल तर पेशी आजूबाजूला विखुरलेल्या असतात आणि पुढचे काम अवघड होऊन बसते. औषधांच्या बाजूला एक आशेची गोष्ट घडली आहे. २०१४ मध्ये खालच्या जबड्यातल्या बऱ्याच अमेलोब्लास्टोमांत बीआरएएफ या जनुकातला एक ठराविक बदल सापडला. त्या बदलावर नेमके काम करणारी औषधे त्वचेच्या कर्करोगासाठी आधीच तयार होती, आणि काही निवडक रुग्णांत त्यांनी गाठ लहान झाल्याचे दिसले आहे. शस्त्रक्रियेची जागा ती आज घेत नाहीत. घातक गाठीतही हा बदल आहे का हे तपासून ठेवणे मात्र आता इष्ट मानावे लागेल.

जबडा काढल्यावर माणूस कसा जगतो, हे प्रत्येक कुटुंब विचारते, पुष्कळदा डॉक्टरला खोलीबाहेर गाठून, दबक्या आवाजात. उत्तर वाटते त्यापेक्षा बरे आहे. पायातले फिब्युला हे बारीक हाड रक्तवाहिन्यांसकट काढून, जबड्याच्या आकारात बसवून, त्या वाहिन्या मानेतल्या वाहिन्यांना जोडण्याची शस्त्रक्रिया १९८९ मध्ये प्रसिद्ध झाली आणि आज ती आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांत नेहमीची आहे. त्या हाडात पुढे रोपित दातही बसवता येतात. वरच्या जबड्यात टाळूला पडलेले भोक कृत्रिम पट्टीने बंद करतात. ती बसवली की जेवण नाकात जात नाही आणि बोलणे समजते. भाकरी पुन्हा चावता येईल का, असे रुग्ण विचारतात. काहींना येते, काहींना ती दुधात किंवा आमटीत कुस्करून खावी लागते. हे आधी सांगावे. तोंड उघडण्याचे व्यायाम रोज करावेत, अगदी कंटाळा आला तरी. आणि तपासणीला येत राहावे: या गाठी पाच वर्षांनीच काय, दहा वर्षांनीही परत आल्याच्या नोंदी आहेत, म्हणून छातीचे चित्रही ठराविक अंतराने हवे.

आपल्या भागातून वाट कशी आहे, तेही सांगतो. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय सुरू केले तेव्हापासून हा पट्टा शस्त्रक्रियेसाठी ओळखला जातो. आज मिरज आणि कराडला वैद्यकीय महाविद्यालये आहेत, कराड-सांगलीकडे दंत महाविद्यालये आहेत. पलीकडे बार्शीला नर्गिस दत्त स्मारक रुग्णालय आहे, जिथल्या परिसरात १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. अवघड रुग्ण शेवटी परळला जातात. तिथे राहण्याची अडचण ही उपचार अर्धवट सुटण्याचे मोठे कारण असते. दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा अनेकांचा आधार आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगावरच्या शस्त्रक्रिया, किरणोपचार आणि केमोथेरपी यांचा समावेश आहे. तिची कागदपत्रे पहिल्याच भेटीत जमवायला सांगावीत. ‘एवढी हळद काढून होऊ दे, मग जातो’ असे म्हणणाऱ्याला रागावून उपयोग नसतो. त्याच्या घरच्या माणसांशी बोलावे, कोण शेतावर थांबेल आणि कोण बरोबर जाईल हे त्यांच्याबरोबर बसून ठरवावे.

पुस्तक मराठीत का, असे काही सहकाऱ्यांनी विचारले. वाईत हा प्रश्न पडू नये. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली मराठी विश्वकोशाचे काम याच गावातून चालले, १९७६ साली त्याचा पहिला खंड निघाला, आणि त्यात वैद्यकातल्या विषयांवर त्या त्या विषयाच्या जाणकारांनी मराठीत लिहिले. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांचे शिक्षण इंग्रजीत होते हे खरे, पण रुग्णाशी बोलणे मराठीत होते, आणि निदानाची निम्मी माहिती त्या बोलण्यातूनच मिळते. दवाखान्यात ज्या संज्ञा रुळल्या आहेत त्या मी तशाच ठेवल्या आहेत.

वाचकांना एकच विनंती. तुमच्याकडे असा रुग्ण आला तर त्याचा ओपीजी, बायोप्सीचा अहवाल, ठोकळ्याचा क्रमांक आणि शस्त्रक्रियेचा कागद एका पाकिटात जपून ठेवा, त्याच्या घरचा पत्ता आणि दूरध्वनी लिहून ठेवा, आणि वर्षातून एकदा तरी तो कसा आहे याची चौकशी करून तारखेसह नोंद करा. रुग्णाच्या संमतीने ती माहिती जवळच्या दंत महाविद्यालयाच्या विकृतिशास्त्र विभागाला कळवा. त्यांना ती हवी असते.